व्हीलचेअरसह प्रवासाचे वाहन: माप घेण्यापासून ताबा घेण्यापर्यंत

व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला गाडीतून न्यायचे म्हणजे दोघांनी त्याला उचलून सीटवर ठेवायचे, खुर्चीची घडी घालून ती डिकीत कोंबायची आणि उतरताना हाच सगळा खटाटोप उलट क्रमाने करायचा, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिला पर्याय आहे हेच पुष्कळ कुटुंबांच्या ध्यानात येत नाही. या उचलाउचलीत नेणाऱ्याची कंबर जाते, नेल्या जाणाऱ्याच्या खांद्याला ओढ बसते, संवेदना नसलेल्या त्वचेवर नकळत खरचटून महिनोन्महिने न भरणारी जखम होऊ शकते आणि सर्वांत वाईट म्हणजे बाहेर पडण्याचा प्रत्येक बेत दोन धडधाकट माणसांच्या सवडीवर अवलंबून राहतो. हळूहळू दवाखान्याखेरीज कुठे जाणेच बंद होते.

हे असेच चालायला हवे असे आता राहिलेले नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात राहणारे राल्फ ब्राउन यांना स्नायूंचा आजार होता. १९६६ मध्ये त्यांनी टपाल खात्याच्या जुन्या जीपला लिफ्ट आणि हाताने चालवायची साधने बसवून स्वतःसाठी वाहन तयार केले आणि पुढे त्यांच्याच कंपनीने १९९१ मध्ये तळ खाली नेलेली मिनीव्हॅन बाजारात आणली. आधी खुर्ची उचलून गाडीच्या उंचीवर नेली गेली, नंतर गाडीच खुर्चीच्या उंचीवर खाली आली. त्यानंतरची बहुतेक सुधारणा याच दोन वाटांनी झाली आहे. आपल्याकडे या गोष्टी उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आल्या, पण आल्या आहेत. त्यांतले आपल्या घरासाठी नेमके काय घ्यावे, हे ठरवण्याची रीत पुढे दिली आहे. माझे ठाम मत असे आहे की गाडी सर्वांत शेवटी निवडावी. आधी माणूस, मग त्याची खुर्ची, मग चढण्याची रीत, मग खुर्ची बांधण्याची व्यवस्था आणि हे सगळे ज्यात मावेल ती गाडी. पैसे वाया जातात ते बहुधा हा क्रम उलटा झाल्यामुळे, कारण गाडी आधी दाराशी येते आणि मग तिच्या दरवाजात खुर्ची मावत नाही असे कळते.

मोजपट्टीपासून सुरुवात

माणूस नेहमीच्या उशीसह, नेहमीच्या पद्धतीने खुर्चीत बसलेला असताना जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची मोजावी. उशी काढून घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण दाबाच्या जखमा टाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उशा पाच ते दहा सेंटीमीटर जाड असतात. याच मापावर मागच्या किंवा बाजूच्या दरवाजाची किमान उंची ठरते. रॅम्पवरून चढताना खुर्ची मागे कलते आणि डोके पुढे-मागे होते, म्हणून माथ्याच्या वर किमान पाच-सात सेंटीमीटर मोकळे राहतील असा हिशेब धरावा. रुंदी मोजताना चाकांच्या बाहेरच्या कडीवर हात ठेवलेले असावेत, कारण जो स्वतः चाके फिरवून चढणार आहे त्याची बोटे दरवाजाच्या चौकटीवर आपटता कामा नयेत. लांबी पायाच्या बुटांच्या टोकापासून मागच्या चाकाच्या किंवा ढकलण्याच्या मुठीच्या टोकापर्यंत घ्यावी.

त्यानंतर वजन. माणूस, खुर्ची, उशी, खुर्चीला लटकवलेली पिशवी, श्वसनयंत्र असल्यास तेही, आणि चढताना खुर्चीमागे रॅम्पवर किंवा लिफ्टवर उभा राहणारा सोबती, या सर्वांची बेरीज करावी. हाताने चालवायची खुर्ची पंधरा-वीस किलोंची असते. विजेवर चालणारी खुर्ची मात्र बॅटरीसह सहज शंभर किलोंच्या पुढे जाऊ शकते. ही बेरीज कागदावर लिहून ठेवावी, कारण रॅम्प, लिफ्ट आणि पट्टे विकणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा आहे की तुमची वस्तू एवढा भार पेलते का, आणि ते कुठे लिहिलेले आहे.

आणखी एक माप बहुतेक लोक घेतच नाहीत, ते म्हणजे डोळ्यांची उंची. खुर्चीत बसलेला माणूस गाडीच्या सीटवरील माणसापेक्षा उंच बसतो. तळ खाली न नेलेल्या व्हॅनमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर खिडकीची वरची कड आणि छत येते. बाहेरचे काही दिसावे म्हणून त्याला मान वाकवून प्रवास करावा लागतो. घाटातून जाताना दरी, पाऊस, वाटेवरची गावे काहीच न दिसता केवळ रस्त्याचा डांबरी पट्टा पाहत तासन्‌तास बसणे हा प्रवास नव्हे. गाडी पाहायला जाल तेव्हा खिडकीची खालची आणि वरची कड तळापासून किती उंचीवर आहे हे मोजा आणि घरच्या मापाशी ताडून पाहा.

सीटवर बसायचे की खुर्चीतच राहायचे

जो माणूस थोड्या आधाराने किंवा ट्रान्सफर बोर्डावरून, म्हणजे खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये ठेवायच्या गुळगुळीत फळीवरून सरकून स्वतः जागा बदलू शकतो, त्याला पूर्ण बदललेल्या गाडीची गरज नसते. त्याच्यासाठी फिरते आसन हा सोपा उपाय आहे. हे आसन दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला वळते, माणूस त्यावर समोरून बसतो आणि आसन पुन्हा आत वळवले जाते. मारुती सुझुकीने वॅगनआरसाठी असे आसन आपल्या विक्रेत्यांमार्फत बसवून देण्यास सुरुवात केली, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण त्यामुळे ही सोय एखाद्या ओळखीच्या गॅरेजच्या कौशल्यावर न राहता कंपनीच्या दुकानात मिळणारी वस्तू झाली. संधिवाताने गुडघे धरलेल्या आजी-आजोबांनाही हेच आसन उपयोगी पडते. खुर्ची डिकीत चढवण्यासाठी विजेवर चालणारा छोटा हातही बसवता येतो. मात्र सीएनजीच्या टाकीने डिकी भरलेली असेल तर खुर्चीला जागाच उरत नाही, हे गाडी घेण्याआधी पाहावे.

परंतु ज्याला मानेचा किंवा धडाचा तोल सांभाळता येत नाही, जो खास बनवलेल्या आसनात बसतो किंवा जो विजेच्या जड खुर्चीवर अवलंबून आहे, त्याने खुर्चीतून उतरूच नये अशीच गाडी हवी. येथे फिरत्या आसनावर पैसे घालवणे म्हणजे उचलाउचल थोडी कमी करणे एवढेच होते. मधली एक अवस्थाही लक्षात घ्यावी: आज जो स्वतः सरकू शकतो त्याचा आजार वाढत जाणारा असेल, तर पाच वर्षांनी काय लागेल याचा विचार डॉक्टरांशी आणि व्यवसायोपचार तज्ज्ञांशी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) बोलून आजच करावा. मुंबईत हाजी अली येथे असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी खुर्ची आणि बसण्याची ढब या दोन्हींचा सल्ला मिळतो. तो गाडीच्या आधी घ्यावा.

रॅम्प, लिफ्ट आणि खाली नेलेला तळ

इथे थोडे गणित केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तेच केले जात नाही. इमारतींसाठी रॅम्पचा चढ १ ला १२ असावा असे आपले नियम सांगतात, म्हणजे एक सेंटीमीटर उंचीसाठी बारा सेंटीमीटर लांबी. साध्या व्हॅनचा तळ जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच धरला तर या हिशेबाने ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागेल, जो कोणत्याही गाडीत मावणार नाही. म्हणून गाडीचा रॅम्प नेहमी अधिक उभा असतो. १ ला ४ असा चढ धरला तरी ६० सेंटीमीटरसाठी २.४ मीटरची फळी लागते आणि त्या चढावर शंभर किलोंची खुर्ची ढकलणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. तळ ३० सेंटीमीटरवर आणला की हीच लांबी १.२ मीटर होते. तळ खाली नेण्याचे तंत्र का महत्त्वाचे आहे, हे या एका भागाकारातून कळते.

तळ खाली नेताना गाडीचा मागचा तळ कापून त्या जागी मजबूत पत्र्याचा खोलगट भाग बसवला जातो. त्यासाठी इंधनाची टाकी, सायलेन्सरचा पाइप आणि स्टेपनी दुसरीकडे हलवावी लागते. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांत हे तुलनेने सोपे जाते, कारण तळाखालून मागे जाणारा दांडा नसतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, उदाहरणार्थ मारुती ईकोमध्ये, हा दांडा आणि मागचा धुरा आडवा येतो. म्हणूनच आपल्याकडे अशा व्हॅनमध्ये तळाला हात न लावता मागे लिफ्ट बसवण्याकडे कल असतो. विजेवरच्या गाड्यांबद्दल हल्ली खूप आशेने बोलले जाते. त्यांचा तळ सपाट असतो हे खरे, पण त्याच तळाखाली बॅटरी पसरलेली असल्यामुळे तो बहुधा कापून खाली नेता येत नाही. कोणीही स्थानिक गॅरेजवाला विजेच्या गाडीचा तळ कापून देतो म्हणाला तर तिथून निघून यावे. पेट्रोलच्या गाडीबाबतही चॅसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, कापण्याचे काम त्याचा अनुभव आणि चाचणीचे कागद दाखवू शकणाऱ्याकडेच द्यावे.

रॅम्प निवडला असेल तर तो ॲल्युमिनियमचा, छिद्रे पाडलेला आणि खरखरीत पृष्ठाचा असावा. पावसाळ्यात साध्या गुळगुळीत पत्र्यावरून चाक सरकते. छिद्रांतून पाणी आणि चिखल खाली जातो. दोन्ही कडांना उभी पट्टी असावी, म्हणजे पुढचे छोटे चाक बाहेर घसरत नाही. उघडताना वजन हलके वाटावे म्हणून गॅसचा दांडा किंवा स्प्रिंग असते. ती आहे का पाहा आणि ज्या घरातील बाईंनी किंवा आजोबांनी हा रॅम्प रोज उघडायचा आहे त्यांनाच तो प्रत्यक्ष उघडून पाहायला सांगा. बंद केलेला रॅम्प मागच्या काचेपुढे उभा राहत असेल तर चालकाला मागचे दिसत नाही, आणि खड्ड्यांतून तो जो खडखडाट करतो त्याने आत बसलेल्याचे डोके उठते. तळात सपाट दुमडणारा रॅम्प महाग पडतो, पण हे दोन्ही त्रास टाळतो. जड खुर्चीसाठी रॅम्पच्या जोडीला विजेची विंच बसवता येते. दोन पट्टे खुर्चीच्या चौकटीला अडकवले की ती हळूहळू आत ओढली जाते आणि सोबत्याने केवळ दिशा सांभाळायची असते. एका सोबत्यावर चालणाऱ्या घरासाठी सर्वाधिक उपयोगी सुधारणा कोणती असे मला विचाराल, तर मी विंचचे नाव घेईन.

लिफ्टचा फायदा असा की चढच उरत नाही. खुर्ची सपाट फलाटावर उभी राहते आणि फलाट वर जातो. पण लिफ्ट हे यंत्र आहे आणि यंत्र बंद पडते. म्हणून वीज गेल्यास हाताने चालवायचा पंप आहे का, तो कुठे आहे आणि सोबत्याला तो वापरता येतो का, हे पहिल्याच दिवशी पाहिले पाहिजे. फलाटाच्या बाहेरच्या कडेला आपोआप उभी राहणारी आडवी पट्टी असावी, जिच्यामुळे खुर्ची मागे घरंगळत नाही. लिफ्ट बाहेर असताना किंवा दरवाजा उघडा असताना गाडी पुढे जाऊ नये, अशी जोडणी असावी. लिफ्ट गाडीच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे इंजिन बंद ठेवून ती वारंवार वापरल्यास बॅटरी उतरते. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात खाऱ्या हवेने सांधे आणि साखळ्या लवकर गंजतात. तिथे पावसाळ्याआधी आणि नंतर वंगण करून घेणे टाळू नये.

दरवाजा मागे असावा की बाजूला, हा प्रश्न रस्त्यावर सुटतो. बाजूने चढायचे तर गाडीच्या डावीकडे रॅम्प आणि वळण्याची जागा मिळून अडीच-तीन मीटर मोकळी जागा हवी, जी सोसायटीच्या वाहनतळात दोन गाड्यांच्या मध्ये कधीच नसते. मागून चढायचे तर आपल्या गल्ल्यांत जमून जाते, पण रस्त्याच्या कडेला गाडी लावली की खुर्ची थेट वाहतुकीत उतरते. शिवाय मागून आत येणारी खुर्ची बहुतेक वेळा मागच्या धुऱ्यावर किंवा त्याच्याही मागे थांबते, जिथे प्रत्येक गतिरोधकाचा दणका सर्वाधिक बसतो. पाठीच्या कण्याची दुखापत असलेल्याला हे दणके साधे नसतात. म्हणून खुर्ची जितकी पुढे, दोन धुऱ्यांच्या मध्ये नेता येईल तितकी न्यावी, त्यासाठी मधली एक सीट काढावी लागली तरी चालेल.

खुर्ची बांधणे

या भागात कसूर केली तर वर सांगितलेले सगळे फोल ठरते. आपल्याकडे खुर्चीची ब्रेक लावली, मागे एक दोरी बांधली आणि सोबत्याने हाताने धरले की झाले, असे समजले जाते. व्हीलचेअर गाडीत आसन म्हणून वापरण्यासाठी सुरक्षित आहे की नाही हे तपासणारे आयएसओ ७१७६-१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील चाचणीत ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगातील समोरच्या धडकेइतका आघात दिला जातो आणि तेव्हा वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट बल येते. शंभर किलोंची खुर्ची त्या क्षणी दोन हजार किलोंसारखी पुढे झेपावते. तिला हाताने धरणे कोणालाही शक्य नाही आणि ब्रेक तर केवळ चाक अडवते, खुर्ची अडवत नाही.

म्हणून खुर्ची चार ठिकाणी बांधायची असते, दोन पट्टे पुढे आणि दोन मागे, चारही पट्टे गाडीच्या तळात चॅसिसपर्यंत पक्क्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना किंवा कड्यांना. पत्र्यावर नुसते स्क्रू मारून बसवलेली कडी पत्र्यासह उपटून येते. पट्टा खुर्चीच्या जोडलेल्या मुख्य चौकटीला अडकवावा. चाक, हात ठेवायची पट्टी, पाय ठेवायची पट्टी यांसारख्या निघणाऱ्या भागाला कधीही नाही. आपोआप ताण धरणारे पट्टे आता मिळतात, त्यामुळे हाताने पिळून आवळण्याची कसरत राहत नाही. यापुढची पायरी म्हणजे तळात बसवलेले कुलूप: खुर्चीखाली लावलेला बोल्ट त्यात सरकतो, खटका बसतो आणि बटण दाबल्यावर सुटतो. जो माणूस स्वतः गाडी चालवतो किंवा एकटा प्रवास करतो, त्याला या कुलपामुळे दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

आता माणसाचा पट्टा. खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असे होत नाही. दोन्ही स्वतंत्र लागतात. खुर्चीला जो कमरपट्टा असतो तो बसण्याची ढब टिकवण्यासाठी असतो, धडकेसाठी नाही. गाडीचा पट्टा खुर्चीच्या हातांच्या आतून, कमरेच्या हाडांवर खाली बसला पाहिजे. तो पोटावर आला तर धडकेत आतील अवयवांना इजा होते, आणि हातांच्या वरून नेला तर तो शरीराला टेकतच नाही. खांद्यावरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. डोक्यामागे आधार हवा. आणि खुर्चीचे तोंड नेहमी पुढे असावे. आडवी बसवलेली खुर्ची कितीही घट्ट बांधली तरी समोरच्या धडकेत शरीर कडेला फेकले जाते व पट्टा निकामी ठरतो. आपल्याकडच्या अनेक बदललेल्या गाड्यांत जागा वाचवण्यासाठी खुर्ची आडवी ठेवलेली दिसते. कृपा करून असे करू नका. घडीची हलकी खुर्ची बहुधा अशा चाचणीसाठी बनवलेली नसते. म्हणून ज्याला सरकून सीटवर बसणे जमते त्याने प्रवासात सीटवरच बसावे आणि रिकामी खुर्चीही बांधूनच ठेवावी.

गाडीतील उष्म्याचाही इथेच उल्लेख केला पाहिजे. पाठीच्या कण्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत झालेल्या माणसाला दुखापतीच्या खाली नीट घाम येत नाही, त्यामुळे विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या उन्हात उभी राहिलेली गाडी त्याच्यासाठी धोकादायक ठरते. वातानुकूलनाची झडप खुर्ची जिथे थांबणार तिथपर्यंत पोहोचते का ते पाहावे. विजेच्या काही गाड्यांत फोनवरून आधीच गाडी थंड करून ठेवता येते. ही सोय इतरांसाठी चैन असेल, या प्रवाशासाठी ती गरज आहे.

स्वतः चालवायचे असेल तर

पाय काम करत नसले तरी हात आणि नजर शाबूत असलेला माणूस गाडी उत्तम चालवू शकतो. पूर्वी क्लच ही मोठी अडचण होती. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोबरोबर स्वस्त एएमटी (आपोआप बदलणारे) गिअर आपल्या बाजारात आले आणि लहान गाडीही क्लचविना मिळू लागली. दिव्यांग चालकांसाठी नसलेल्या एका बदलाने त्यांचाच मोठा फायदा झाला. आता सुकाणूच्या बाजूला एक दांडा बसवतात, तो ढकलला की ब्रेक आणि ओढला किंवा फिरवला की वेग. सुकाणू एका हाताने फिरवण्यासाठी त्यावर मूठ लावतात. हे बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात: मूळचे पायाचे पेडल तसेच राहावे, म्हणजे घरातील दुसऱ्याला गाडी चालवता येते, आणि पायांना आपोआप झटके येत असतील तर पाय पेडलखाली अडकू नये म्हणून आडवी पट्टी लावावी. मागे पाहण्याचा कॅमेरा, चारही बाजूंचे दृश्य, अंतर सांगणारे सेन्सर यांना सामान्य ग्राहक हौस मानतो, पण ज्याची मान आणि धड वळत नाही त्याला याच गोष्टी रस्ता दाखवतात. सराव मोकळ्या मैदानावर, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेल्या गाडीत सुरू करावा.

कागदपत्रे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम ४१ मध्ये वाहतुकीची साधने सुगम करण्याबरोबरच वैयक्तिक वाहनांत आवश्यक बदल करून देण्यासंबंधीच्या योजनांचाही उल्लेख आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने दिव्यांगांसाठी बदललेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या केली आणि मालकाने बदल करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेण्याची वाट मोकळी केली. तरीही माझा सल्ला असा की काम सुरू करण्यापूर्वीच नकाशा आणि साधनांची माहितीपत्रके घेऊन आपल्या आरटीओतील मोटार वाहन निरीक्षकांना भेटावे, म्हणजे कापलेली गाडी नापास होण्याची वेळ येत नाही. बदलाची नोंद आरसीवर झालीच पाहिजे आणि विमा कंपनीला लेखी कळवून बदललेल्या साधनांची किंमत विम्यात धरून घेतली पाहिजे. नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडतो. चालकाच्या परवान्यावरही अशा वाहनाची नोंद लागते.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, आधी काढून ठेवावे, कारण पुढची प्रत्येक सवलत त्यावरच मागितली जाते. २०२० मध्ये नोंदणी अर्जात दिव्यांग मालकीचा स्वतंत्र रकाना आला, तो भरायला विसरू नये. रस्ते कर आणि पथकर यांतील सवलतीची चौकशी नोंदणीच्या वेळीच करावी. वाहनात बसवायच्या साधनांच्या संचावरील जीएसटी २०२१ मध्ये पाच टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला, म्हणून बिलात गाडी आणि साधने वेगळी दाखवून घ्यावीत. दिव्यांगांना गाडीवर मिळणाऱ्या करसवलतीचे जुने गणित मात्र बदलले आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी सर्वांसाठीच अठरा टक्के झाला, त्यामुळे पूर्वीच्या माहितीवर विसंबून अंदाजपत्रक करू नये.

स्वतःची गाडी नसेल तर

प्रत्येकाला गाडी परवडणार नाही, आणि प्रत्येक प्रवासाला ती लागतही नाही. मुंबईत ईझी मूव्हसारख्या सेवेने लिफ्ट बसवलेल्या व्हॅन भाड्याने देण्यास सुरुवात केली. अशी गाडी एका दिवसासाठी घेऊन पाहणे हा विकत घेण्याआधीचा उत्तम धडा आहे. मद्रास आयआयटीतून निघालेल्या निओमोशन या कंपनीची निओबोल्ट ही जोडणी व्हीलचेअरलाच पुढे लावता येते आणि ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंत रस्त्यावर नेता येते. रोजचे कार्यालय किंवा बाजार पाच-सात किलोमीटरवर असेल तर हिचा विचार गाडीच्या आधी करावा.

शहर बसमध्ये पुणे आणि मुंबईत आलेल्या खालच्या तळाच्या विजेच्या बसनी मोठा फरक पडू शकतो, कारण त्यांचा तळ पदपथाच्या जवळ येतो आणि दाराशी उघडणारा रॅम्प असतो. १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमाने बसमध्ये राखीव आसने, आधाराचे दांडे, कुबड्या ठेवण्याची सोय आणि व्हीलचेअर आत नेऊन अडकवण्याची व्यवस्था यांची तरतूद केली आहे. थांब्यावर चालकाला दिसेल असे पुढे उभे राहावे, रॅम्प उघडण्यास स्पष्ट सांगावे, आत गेल्यावर राखून ठेवलेल्या जागी खुर्ची लावून पट्टा बांधण्याचा आग्रह धरावा. वाहकाला पट्टा कसा लावायचा हे माहीत नसेल तर ते शांतपणे दाखवावे, पण पट्ट्याविना बस सुटू देऊ नये. एसटीच्या साध्या बसची गोष्ट वेगळी आहे. तिकिटात दिव्यांगांना भरघोस सवलत आहे, पण दारातल्या उंच पायऱ्या तशाच आहेत. तिकीट स्वस्त करणे आणि दार उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची मागणी आपण सर्वांनी सतत केली पाहिजे.

ताबा घेताना

गाडी तयार झाली की पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी, ज्याच्यासाठी ती केली त्याच माणसाला त्याच्याच खुर्चीसह न्यावे. गॅरेजच्या मिस्त्रीने रिकामी खुर्ची चढवून दाखवली तर ती चाचणी नव्हे. चढणे, वळणे, थांबणे, चारही पट्टे लावणे, माणसाचा पट्टा लावणे आणि उतरणे हे सगळे नेहमीच्या सोबत्याने, दुसऱ्याच्या मदतीविना करून पाहावे. मग अर्धा तास खराब रस्त्यावरून गाडी न्यावी. परत आल्यावर पट्टे सैल झाले आहेत का, रॅम्पचा खटका निघाला आहे का आणि ज्यांना संवेदना नाही त्यांच्या पाठीवर, कमरेवर, टाचांवर लाली आली आहे का, हे तपासावे. इंजिन बंद करून लिफ्ट हाताने खाली आणून दाखवायला सांगावे. तळातील कुलपाला वीज न मिळाल्यास ते सोडवण्याची दोरी किंवा कळ कुठे आहे ते विचारावे. पट्टा कापण्याचे छोटे साधन आणि अग्निशामक नळकांडे सोबत्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावे. पंक्चर झाल्यास माणूस आत असताना जॅक लावू नये. रॅम्प आधी रस्त्याच्या सुरक्षित बाजूला उघडून त्याला बाहेर आणावे, आणि ते शक्य नसेल तर ११२ वर मदत मागवावी. पट्ट्यांच्या कडा उसवल्या, पट्टा उन्हाने कडक झाला किंवा एखाद्या धडकेत एकदा ताणला गेला, तर तो चांगला दिसत असला तरी बदलावा. बसवलेल्या प्रत्येक साधनाचा क्रमांक, हमीची मुदत आणि पेलण्याचा भार यांचे कागद आरसीसोबत गाडीतच ठेवावेत आणि त्यांची एक प्रत घरी असावी.